दोन बोटं फीत

धाकटीने उभं आयुष्य एकटीनेच गिटार वाजवली होती. सोबतीला काय, तर तिचा स्वतःचा उजवा पाय. तो जमिनीवर ठोके द्यायचा आणि त्या ठोक्यांवर ती ब्लूज वाजवायची, म्हणजे ते संथ, दुखरं, मधूनच गालात हसणारं वादन, ज्यात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात आणि ऐकणारा म्हणतो, अजून एकदा सांग. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, संध्याकाळी एका खानावळीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून वाजवायची. वय अठ्ठेचाळीस. केस पांढरे व्हायला लागले, तरी घरात नाव धाकटीच. आणि घर म्हणजे तरी कोण? ती आणि तिचा दादा.

लोक वर्षानुवर्षं सांगत आले, "अगं, कुणाची तरी जोड घे." ती म्हणायची, "माझं मलाच झेपत नाही, आणखी दोघांना कुठे सांभाळू?" आणि मग गेल्या महिन्यात एकाएकी तिनेच हट्ट धरला, की आता अल्बम करायचा, आणि तोही खालच्या सुरांची बास गिटार आणि ड्रम घेऊन. लोकांना वाटलं, म्हातारपणी हौस सुचली. लोकांचं काय जातंय वाटायला!

खरं कारण दादाचे कान होते.

दादा तीस वर्षं बाटल्या भरायच्या कारखान्यात होता. सरकत्या पट्ट्यावरून हजारो काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटत जायच्या, आणि ती किणकिण ऐकून ऐकून त्याच्या कानांतले वरचे सूर एकेक करून उडून गेले. आधी पाखरं गेली. मग दारावरची घंटा, मग फोन. आणि दोन वर्षांपूर्वी एका रविवारी धाकटी त्याच्यासमोर बसून वाजवत असताना तो म्हणाला, "अगं, सुरू कर की!" ती वाजवतच होती. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली, आणि दादाला तेही ऐकू आलं नाही.

गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जड आवाज, खालचे सूर अजून पोचतात त्यांच्यापर्यंत. पण तेही राहायचे नाहीत. वर्ष, फार तर. धाकटी घरी आली, रात्रभर छताकडे बघत पडली, आणि सकाळी उठून बास वाजवणारा शोधायला निघाली. गिटार पोचत नाही ना, मग जे पोचतं त्यावर बसवून गाणं पाठवायचं. तिच्या मनात एकच होतं: दादाचे उरलेसुरले कान मिटायच्या आत त्या दोघा भावंडांचं गाणं त्याला एकदा ऐकू यावं, आणि हे आपलंच, हे त्याला ओळखू यावं.

सापडली ती जोडी मात्र बारा गावचं पाणी प्यालेली. ड्रमवाल्याने बासवाल्याच्या बहिणीशी लग्न केलेलं, म्हणून बासवाला त्यांना दाजी म्हणायचा. ऐकून ऐकून धंद्यातले सगळेच दाजी म्हणायला लागले. दाजींची मुलं बासवाल्याला मामा म्हणायची, म्हणून तो जगाचा मामा झाला. चाळीस वर्षं दोघांनी मिळून लोकांच्या गाण्यांखाली जमीन घातली होती. "त्यातली निम्मी गाणी आम्हाला आठवत नाहीत," दाजी म्हणायचे, "आणि उरलेली निम्मी विसरायची आहेत." मामा काही म्हणायचे नाहीत. मामांचं बोलणं वर्षातून दोनदा, आणि त्यातलं एक दाजींच्या वाढदिवसाला.

स्टुडिओ पूर्वी गाद्यांचं गोदाम होता. भिंतींना अजून जाड गाद्याच लावलेल्या, त्यामुळे आत शिरलं की रस्त्याचा आवाज मागे उंबऱ्यावरच राहायचा आणि आपला श्वास आपल्याला ऐकू यायचा. खिडकी नाही, घड्याळ नाही. छतात एक चौकोनी काच, तिच्यातून उन्हाचा तुकडा खाली यायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. सकाळी ड्रमपाशी, दुपारी मधल्या गालिच्यावर, चार वाजता मामांच्या खुर्चीपाशी. त्या तुकड्यात कापसाचे कण तरंगत असत. गोदाम बंद होऊन वीस वर्षं झाली होती, कापूस काही अजून खाली बसला नव्हता.

पहिल्या दिवशी धाकटीने लावलेले सूरच पुन्हा तीनदा लावले. दाजींनी खिशातून रुमाल काढला, झटकला आणि छोट्या ड्रमवर अंथरला, का तर आवाज जरा झोपाळू हवा. मामांनी बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची नीट घडी केली आणि अनवाणी पाय जमिनीवर टेकून डोळे मिटले. बासच्या तारा इतक्या जुन्या, की त्यांच्यावर बोट सरकलं तरी आवाज होत नव्हता.

"मामांना जमीन लागते," दाजी म्हणाले. "पायांनी ऐकतात ते. आणि आमच्याकडे पहिली फेरी खोलीची असते, ताई. ती रेकॉर्ड करायची नाही. खोलीला आधी कळू दे, पाहुणे कोण आलेत."

घरात धाकटी, इथे एकदम ताई! तिला हसू आलं, आणि धीरही. मग ती वाजवायला लागली, आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पायाला सुट्टी मिळाली. खालून बास यायची, ऊन तापलेल्या फरशीतून वर यावं तशी, आणि दाजींच्या हातातले तारेचे ब्रश रुमालावरून झाडू मारल्यासारखे फिरायचे. तिला वाटायचं, आपण वाजवत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला पाठीवर घेऊन हळूहळू चाललंय आणि आपण त्याच्या खांद्यावर गाल टेकून पेंगतोय. लाल दिवा कधी लागला, कधी विझला, तिला कळेना. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट अंगठा वर करायचा तेव्हा ती दचकून जागी व्हायची. दीड दिवसात सात गाणी झाली.

राहिलं आठवं. घरातलं नाव "आत्याचं गाणं".

ब्लूजचं गणित सोपं असतं. बारा घरं, प्रत्येक घरात चार ठोके. बारा घरं फिरून झाली की एक फेरी, मग पुन्हा पहिल्या दारात. आत्याचं गाणं सात फेऱ्यांचं. पहिली फेरी छान गेली, दुसरी छान गेली, आणि तिसऱ्या फेरीत दाजींचे हात हवेतच थांबले.

"ताई, आठव्या घरात एक ठोका खाल्लात."

"हो का? पुन्हा करू या."

पुन्हा तेच. तिसरी फेरी, आठवं घर, तीन ठोके झाले आणि बाई थेट नवव्या घरात.

"पुन्हा खाल्लात," दाजी हसत म्हणाले. "भूक लागली असेल तर चहा मागवू."

धाकटी कानापर्यंत लाल झाली. तिला पक्कं ठाऊक होतं ठोका कुठे गेलाय ते. एकेचाळीस वर्षांपूर्वी गेला होता. पण हे या दोन मुरलेल्या माणसांना सांगायचं कसं?

गोष्ट अशी, की आत्याकडे एक कॅसेट होती. आत्या म्हणजे धाकटीला आणि दादाला वाढवणारी, प्रेमळ पण करारी बाई. नजरेने दूध उतू जायचं थांबवेल अशी. तिने कधीतरी रेडिओवरून एका गिटारवाल्याचं वादन उतरवून घेतलं होतं. कोण, कुठला, काही पत्ता नाही. दमून घरी आली की ती पाय वर घेऊन तेवढंच ऐकायची, आणि त्या पाच मिनिटांत तिच्याशी बोलायचं नाही असा नियम होता. एके दुपारी आत्या कामावर असताना सात वर्षांच्या धाकटीने कॅसेट लावली, फीत यंत्रात गुंतली, धाकटीने ओढली आणि टच्चकन तुटली. ती भोकाड पसरणार, एवढ्यात अकरा वर्षांचा दादा म्हणाला, "गप. रडू नकोस. मी आहे ना!" त्याने नखं कापायच्या कात्रीने फितीचा चुरगळलेला भाग कापून टाकला, दोन बोटं असेल, आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली. मग लावून बघितलं. तिसऱ्या फेरीत गाण्याने एक उचकी दिली आणि पुढे चालू लागलं.

"कळतंय का गं, कुठे चिकटवलंय ते?" दादाने विचारलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"अजिबात नाही," धाकटी म्हणाली. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं.

संध्याकाळी आत्याने ऐकलं. त्या जागी तिने एकदा मान वर केली, दोघांकडे बघितलं, आणि पुन्हा डोळे मिटले. पुढे धाकटी गिटार शिकली ती त्याच फितीवरून, दादा शेजारी बसून बोटाने ठोके मोजायचा तसं, उचकीसकट. त्या दोघांसाठी गाणं तसंच होतं. पुढे कॅसेट गेली, आत्या गेली, उचकी राहिली.

हे सगळं सांगायचं सोडून ती म्हणाली, "लहानपणची खोड आहे. काढून टाकते."

काय बोलावं आता! मोठ्यांसमोर माणूस असा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. दाजींनी तिला समजावलं, ठोका म्हणजे पायरी, अंधारात एक पायरी नसली की माणूस तोंडावर पडतो. ती माना डोलावत गेली. चौथ्या वेळी तिने तो ठोका नीट भरला, गाणं सातही फेऱ्या नाकासमोर चाललं, आणि इतकं देखणं झालं की रेकॉर्डिस्ट म्हणाला, "दृष्ट लागेल!" दाजी खूश. मामांनी मात्र बास खाली ठेवताना तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. घरी जाताना ती स्वतःला समजावत होती, तीनशेछत्तीस ठोके आहेत गाण्यात, त्यात एकाची काय मातब्बरी?

तिसऱ्या दिवशी ती दादाला घेऊन आली.

दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कानातलं यंत्र त्याने वरच्या खिशात ठेवलेलं. ते लावलं की सगळं पत्र्यावर आपटल्यासारखं येतं, असं त्याचं म्हणणं. "नमस्कार!" तो ओरडलाच. ज्याला ऐकू येत नाही त्याला जग बहिरं वाटतं. रेकॉर्डिस्टने त्याला काचेपलीकडच्या मोठ्या स्पीकरशेजारी बसवलं. दादाने तळहात स्पीकरच्या लाकडावर टेकवला, ताप बघतात तसा, आणि डोळे मिटले.

पहिलं गाणं सुरू झालं आणि त्याचा चेहरा असा उजळला की धाकटीला बघवेना. "येतंय!" तो ओरडला. "अगं, येतंय की! हे ते तुझं खानावळीतलं!" दुसरं लागलं. "हे पावसातलं!" तिसरं, चौथं. प्रत्येक त्याने ओळखलं, बासच्या पावलांवरून, एखाद्याला जिन्यावरच्या चालीवरून ओळखावं तसं. दाजी त्याच्याकडे टक लावून बघत होते. चाळीस वर्षांत त्यांचं वाजवणं असं कुणी ऐकलं नव्हतं.

मग आठवं लागलं. दादाचं बोट लाकडावर ठोके द्यायला लागलं. पहिली फेरी, दुसरी. तो गालातल्या गालात हसत होता. धाकटीने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. तिसरी फेरी, सातवं घर, आठवं. दादाचं बोट उडी मारून पुढे गेलं, आणि गाणं मागेच राहिलं. बोट अडखळलं. त्याने पुन्हा ठोका धरायचा प्रयत्न केला, पण मन उडालं होतं. बोट थांबलं. चौथ्या फेरीत त्याने डोळे उघडले, नम्रपणे, परक्याच्या घरी उघडावेत तसे.

"छान आहे हं," तो म्हणाला. "आधी वाटलं आपलंच. कुणाचं आहे गं हे?"

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती, आणि ती का, तर दोन मोठ्या माणसांना आपण अडाणी वाटू नये म्हणून! तिने रडत रडत सगळं सांगितलं. फीत, कात्री, आत्याची वर झालेली मान. दाजी ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

"अहो ताई, मग काल तोंडात काय गुळणी धरली होती?" ते म्हणाले. "आम्ही काय वाघ आहोत?"

"आता करू या ना तसं," ती म्हणाली. "आज शेवटचा दिवस आहे."

करू या म्हणणं सोपं होतं. दाजी बसले, वाजवायला लागले, आणि त्या जागी त्यांच्या हाताने चौथा ठोका दिलाच. पुन्हा. पुन्हा दिला. पाचव्या वेळी त्यांनी ब्रश मांडीवर आपटले. "जित्याची खोड! चाळीस वर्षं या हातांना एकच शिकवलंय, की आभाळ कोसळलं तरी ठोका सोडायचा नाही. मी मोजतो, तीन म्हणतो, आणि हात माझं ऐकतच नाहीत. दुसरा कुणी बघा, ताई." त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. ऊन गालिच्याच्या कडेला आलं होतं.

तेव्हा मामा बोलले. "मोजू नका, दाजी. ज्याने कापलंय त्याला विचारा."

मामा उठले, काचेपलीकडे गेले आणि दादाला हाताला धरून आत घेऊन आले. दादाला काही कळेना. मामांनी आपल्या अनवाणी पायांकडे बोट दाखवलं. दादाने आज्ञाधारकपणे बूट काढले, मोजे काढले. मामांनी त्याला गालिच्यावर बसवलं, पाठ बासच्या स्पीकरला टेकवून, तोंड दाजींकडे. धाकटी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. ओठ दिसतील असं, सावकाश म्हणाली, "दादा. आत्याचं गाणं. कात्री कुठे लावलीस, यांना दाखव."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग दाजींकडे, मग मामांकडे. "म्हणजे ते आपलंच होतं?" त्याने विचारलं, आणि या वेळी तो ओरडला नाही.

"खोलीची झाली पाहुण्यांशी ओळख," दाजी रेकॉर्डिस्टला म्हणाले. "डायरेक्ट दिवा लाव."

लाल दिवा लागला. पहिली फेरी. बास दादाच्या पाठीतून आत शिरली आणि त्याची मान हळूच मागे टेकली. दुसऱ्या फेरीत धाकटीला वाटलं, गाद्यांच्या भिंती जरा दूर सरकल्यात, आणि ही ती जुनी खोली आहे. आत्या पाय वर घेऊन पडलीय, कापसाचे कण उन्हात तरंगतायत, आणि कुणी कुणाशी बोलायचं नाहीये. तिची बोटं आपोआप चालली होती. तिसरी फेरी लागली. दादाने उजवा हात वर उचलला, दोन बोटं कात्रीसारखी उघडली आणि तशीच धरून ठेवली. दाजी त्या दोन बोटांकडे बघत होते, डोळ्यांची पापणी न लववता. पाचवं घर, सहावं, सातवं. आठव्यात एक, दोन, तीन, आणि दादाची बोटं मिटली.

दाजींचा हात उचलला गेला आणि तिथेच राहिला. ठोका पडला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दाजींनी एक ठोका सोडला, आणि तिघंजण एकदम नवव्या घरात उतरले, एकाच पायाने उतरल्यासारखे. दादाचं बोट त्यांच्या बरोबर होतं. दाजींच्या तोंडून "अरे!" निघून गेलं, रेकॉर्डमध्ये ते आहे, नीट ऐकलं तर सापडतं. पुढच्या चार फेऱ्या दाजी रडत वाजवत होते, आणि रुमाल ड्रमवर अंथरलेला, त्यामुळे पुसायला काही नव्हतं.

शेवटचा सूर मामांनी बराच वेळ धरून ठेवला. उन्हाचा तुकडा दादाच्या पावलांपर्यंत आला होता. लाल दिवा विझला.

दादाने डोळे उघडले. कपाळावर घाम आला होता, आणि तो धाकटीकडे बघत होता, कात्री अजून हातात असल्यासारखी दोन बोटं धरून.

"कळतंय का गं," त्याने विचारलं, "कुठे चिकटवलंय ते?"

धाकटीने मान हलवली, त्याला नीट दिसेल अशी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

"अजिबात नाही, दादा."